गुरुवारी बसायला

गोळी नाही, सुई नाही,
मग पैसे कशाचे घेते ती बाई?
आई विचारते दर गुरुवारी
डबा भरता भरता.

बसायचे, मी सांगतो.
बसायचे?
होय की. मी बसतो, ती बसते,
टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ, जिन्याखालच्या खोलीत.
दोन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या.
टेबल आहे, ते तिने भिंतीला लावून ठेवलंय,
त्यावर पाण्याचा तांब्या आणि बिलबुक.
फी विचारली तेव्हा म्हणाली,
मागावर आठवड्याला किती सुटतात, आधी ते सांगा.

मिरजेच्या डॉक्टरचं टेबल रुंद होतं.
माझ्याकडे न बघता त्याने बाबांना विचारलं,
केव्हापासून?
भिंतीला ओल केव्हापासून, तसं.
बाबा म्हणाले, दहावीपासून.
पिवळ्या गोळ्या, पांढऱ्या गोळ्या
आणि चिठ्ठीच्या तळाशी, औषधासारखंच,
लग्न.
सात महिने मी मागापुढे झोपेत उभा.
तुटलेला धागा दिसायचा नाही,
शेठ वाया गेलेलं कापड
माझ्या पगारातून मोजून घ्यायचा.

हुक्केरीबाईही पहिल्या दिवशी चुकली.
फॉर्म भरताना म्हणाली, बायकोचं नाव?
नाही म्हणालो. तिने रेघ ओढली.
जिना चढतानाच ठरवलं, परत यायचं नाही.
परत गेलो, कारण पुढच्या गुरुवारी
वडगावात दिवसभर वीज नव्हती.
दारातच थांबून ती म्हणाली,
मागल्या वेळी मी चुकीचं विचारलं. माफ करा.
घरचं म्हणावं असं कोण आहे तुम्हाला?

माफी मागायची सवय होती मला,
दुसऱ्याने मागितलेली कुठे ठेवायची कळेना.
पाणी पीत राहिलो.
मग म्हणालो, सातेरी.
खानापूरकडचा. बसवर कंडक्टर.
तिकीट फाडतो तसा बोलतो, तुटक.
म्हणालो, नऊ वर्षं.
हे एवढं सांगायला पाऊण तांब्या लागला.

तिची भाषा कानडी, माझी मराठी.
या दोघींवरून इथे पाट्यांना डांबर फासतात.
ती नोंदी कानडीत लिहिते
आणि शेवटची पाच मिनिटं वही माझ्याकडे वळवून
ओळीवर बोट ठेवत मराठीत वाचून दाखवते.
चुकलं असेल तर खोडा, म्हणते. पेन देते.

एकदा खोडलं मी.
तिने लिहिलं होतं, भीती.
मी म्हणालो, भीती नव्हे, पाळत.
गल्लीची, भावाची, मंडळाच्या पोरांची,
रात्री साडेदहाला कुणाची गाडी दारात थांबते त्याची.
तिला तो शब्द ठाऊक नव्हता.
दोनदा म्हणवून घेतला, कानडी अक्षरांत उतरवला,
मग बराच वेळ वहीकडे बघत राहिली.
म्हणाली, मग गोळी तुम्हाला कशी लागू पडणार?
पाळत तर गल्लीत आहे.

मला वाटलं होतं, कधीतरी ती म्हणेल
आयुष्य म्हणजे ताणा आणि बाणा.
विणकर दिसला की सगळेच म्हणतात.
ती म्हणाली नाही. तिने विचारलं,
बारा तास माग चालतो, कान दुखतात का?
दुखतात.
हे कुणी विचारलं नव्हतं,
बाबांनीही नाही, ज्यांना आता
ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही.

गल्ली आहे तशीच आहे.
भाऊ माझं ताट ओलांडून जातो.
झोप दोन तासांची चार झाली, एवढंच,
आणि सातेरीला मी परवा पहिल्यांदा
दिवसाउजेडी बसस्टँडवर भेटलो,
कुंदा घेतला पावशेर, उभ्याउभ्या खाल्ला.

बसून बोलतोस काय, आई विचारते.
माझ्याबद्दल बोलतोस?
बोलतो की.
काय?
डबा भरतेस म्हणून.

ती झाकण लावते, नीट बसत नाही, पुन्हा लावते.
चुलीकडे तोंड करून म्हणते,
म्हातारीचं बी ऐकते काय गा ती?
नुसतं विचारते.
किती घेते?